कुलूप भक्कम, किल्ली जुनी

२०२३ च्या जून महिन्याच्या मध्यावर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातील सुरक्षा कर्मचाऱ्यांना आपल्या ई-मेल व्यवस्थेच्या नोंदींत काही विपरीत आढळले. खात्याचे टपाल वाचले जात होते, पण वाचणारे डोळे खात्यातले नव्हते. चौकशीअंती निष्पन्न झाले ते असे : चीनशी संबंधित असलेल्या एका टोळीने मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या क्लाउड सेवेत शिरकाव करून २२ संस्थांच्या आणि ५०० हून अधिक व्यक्तींच्या टपालपेट्या उघडल्या होत्या. त्यांत अमेरिकेच्या तत्कालीन वाणिज्यमंत्री जीना रायमोंडो होत्या आणि चीनमधील तत्कालीन राजदूत निकोलस बर्न्सही होते. एकट्या परराष्ट्र खात्यातून सुमारे ६०,००० पत्रे उचलली गेली. या चोरीसाठी कोणी भिंत फोडली नव्हती की कुलूप तोडले नव्हते. चोरांच्या हाती खरी किल्ली होती आणि ती २०१६ साली घडविलेली होती.

एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा पुनर्विलोकन मंडळाचा या प्रकरणावरील अहवाल प्रसिद्ध झाला. ही चोरी टाळता येण्याजोगी होती, असा निःसंदिग्ध निष्कर्ष त्यात आहे. वस्तुतः ही किल्ली पत्रांचा मजकूर झाकणारी नव्हती. ‘हा इसम अमुकच आहे’ असा दाखला देणाऱ्या शिक्क्याची ती किल्ली होती. खासगी ग्राहकांसाठी असलेल्या या शिक्क्याने सरकारी कचेऱ्यांची दारेही उघडावीत, हा कंपनीच्या तपासणीव्यवस्थेतील एक दोष. परंतु दुसरा दोष अधिक बोलका आहे. मार्च २०२१ मध्ये ही किल्ली निवृत्त व्हायची होती. ग्राहकसेवेतील अशा किल्ल्या बदलण्याचे काम कंपनीतील माणसे हाताने करीत असत. त्याच वर्षी हाताने केलेल्या या बदलाशी निगडित कारणाने क्लाउड सेवा मोठ्या प्रमाणावर बंद पडली आणि तसा प्रसंग पुन्हा ओढवू नये म्हणून किल्ल्या बदलण्याचे कामच थांबविण्यात आले. वापरात असलेल्या किल्लीचे वय किती झाले, हे संबंधितांना आपोआप कळविणारी घंटाही कोणी बसविली नाही. ‘तूर्त थांबू’ म्हणून दिलेली स्थगिती दोन वर्षे टिकली. ती किल्ली चोरांच्या हाती नेमकी कशी पडली, याचा उलगडा अहवाल प्रसिद्ध होईपर्यंत कंपनीलाही करता आला नव्हता.

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, अशी म्हण आहे. येथे तर ताक पिणेच सोडून देण्यात आले. जगातील एका बलाढ्य कंपनीला, उत्तमोत्तम तज्ज्ञ पदरी असताना, जी गोष्ट जमली नाही ती वरकरणी अगदी साधी दिसते : ठरलेल्या वेळी जुनी किल्ली काढून नवी लावणे. संगणकशास्त्रात तिला ‘की रोटेशन’ म्हणतात. मराठीत खांदेपालटाच्या चालीवर तिला किल्लीपालट म्हणता येईल. कोट्यवधी माणसांची खासगी माहिती आता ज्या क्लाउडवर साठविली जाते, त्याची सुरक्षितता कुलपाच्या भक्कमपणाइतकीच या कंटाळवाण्या कामावर अवलंबून आहे. किल्ली न बदलली तर परक्याच्या हाती घर जाते. चुकीच्या रीतीने बदलली तर घरधनीच बाहेर राहतो. या दोन धोक्यांच्या मधून जाणारी वाट कोणती, हा खरा प्रश्न आहे.

प्राध्यापकाचा जुना दंडक

किल्ली बदलली पाहिजे, हा विचार संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. ऑग्युस्त कर्कहॉफ्स हा मूळचा डच गृहस्थ पॅरिसमध्ये जर्मन भाषा शिकवीत असे. १८८३ साली त्याने लष्करी गुप्तलेखनावर एक निबंध फ्रेंच नियतकालिकात प्रसिद्ध केला. गुप्तलेखनाची पद्धत शत्रूला ठाऊक झाली तरी चालेल, मात्र किल्ली गुप्त राहिली पाहिजे, हे त्यातील सूत्र पुढे जगन्मान्य झाले. त्याच निबंधातील दुसरा दंडक तितकासा सांगितला जात नाही. किल्ली अशी असावी की, ती वापरणाऱ्यांना हवी तेव्हा बदलता यावी, असे त्याने बजावून ठेवले होते. आजच्या एन्क्रिप्शनची, म्हणजे माहितीला सांकेतिक रूप देण्याच्या विद्येची, सारी उभारणी या दोन दंडकांवर आहे. अमेरिकेने २००१ साली प्रमाण म्हणून स्वीकारलेली आणि जगभर रुळलेली ‘एईएस’ ही पद्धत कोणीही पुस्तकातून वाचू शकतो. गुप्त असते ती केवळ किल्ली, म्हणजे एक लांबलचक संख्या.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याच्या ‘एनिग्मा’ यंत्रांची मांडणी रोज बदलली जाई. इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्क येथे ती फोडण्यासाठी बसलेल्या मंडळींना कालचे यश आज उपयोगी पडत नसे. नवा दिवस उजाडला की नवा डाव मांडावा लागे. एनिग्मा शेवटी फुटलेच. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. किल्ली बदलल्याने कच्चे कुलूप पक्के होत नाही. परंतु चोराच्या हाती लागलेल्या किल्लीचे मोल मात्र दिवसागणिक घटते.

किल्लीपालटाची कारणे तीन. पहिले कारण नुकसानीला बांध घालण्याचे. एक किल्ली जितका काळ चालते तितकी माहिती तिच्या भरवशावर साठत जाते. ती चोरीस गेली तर तेवढे सारे उघडे पडते. दुसरे कारण गणिताचे आहे. एईएस वापरण्याच्या सर्वाधिक प्रचलित रीतीत, ‘जीसीएम’मध्ये, दर वेळी एक आरंभांक लागतो. तो यदृच्छेने निवडला जात असेल तर एकाच किल्लीने ४२९,४९,६७,२९६ पेक्षा अधिक वेळा काम करू नये, अशी मर्यादा अमेरिकेच्या प्रमाणसंस्थेने घालून दिली आहे. तीच ती किल्ली त्यापुढे वापरली तर आरंभांकाची पुनरावृत्ती होण्याची शक्यता वाढते, आणि अशी पुनरावृत्ती झाली की सारा बंदोबस्त ढिला पडतो. ४२९ कोटी हा आकडा घरगुती हिशेबात अफाट वाटेल. रात्रंदिवस व्यवहार नोंदविणाऱ्या मोठ्या सेवेला तो गाठणे अशक्य नाही. तिसरे कारण माणसांचे. कर्मचारी नोकरी सोडतात, कंत्राटदार बदलतात, कामे एका हातातून दुसऱ्या हातात जातात. धातूची किल्ली परत घेता येते. संख्येची नक्कल करून ठेवली असेल तर ती परत घेण्याचा उपाय नाही. ती निरुपयोगी करणे एवढाच उपाय उरतो.

पेटीची किल्ली आणि कपाटाची किल्ली

क्लाउड म्हणजे आकाशातील ढग नव्हे, हे सांगणे न लगे. दुसऱ्याच्या इमारतीतील, दुसऱ्याच्या यंत्रांवर भाड्याने घेतलेली जागा, एवढाच त्याचा अर्थ. २०१५ साली मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे आपली केंद्रे सुरू केली. २०१६ साली ॲमेझॉनने आणि २०१७ साली गूगलने मुंबईत केंद्र उघडले. तेव्हा भारतीयांची बरीचशी माहिती आज मराठी मुलखातील इमारतींतच नांदत आहे. भाड्याच्या घरात मौल्यवान वस्तू ठेवायची तर कुलूप आपले हवे, किल्लीवर हुकमत आपली हवी. तथापि एखाद्या संस्थेच्या कोट्यवधी फायली असतील तर दरवर्षी किल्ली बदलण्यासाठी त्या सर्व उलगडून पुन्हा सांकेतिक रूपात आणायच्या काय? तेवढ्या खटाटोपाला कोणीही कंटाळेल, आणि कंटाळा हाच सुरक्षिततेचा मोठा शत्रू आहे.

यावर काढलेली तोड सुबक आहे. प्रत्येक फायलीला, किंवा फायलींच्या लहान गठ्ठ्याला, स्वतःची छोटी किल्ली असते. ही छोटी किल्ली उघड्यावर न ठेवता एका मोठ्या किल्लीने बंद करून फायलीच्या शेजारीच ठेवतात. कचेरीत अनेक पेट्या असाव्यात, त्यांच्या किल्ल्या एका कपाटात असाव्यात आणि कपाटाची किल्ली तेवढी अधिकाऱ्याच्या ताब्यात असावी, तसा हा प्रकार. तंत्रज्ञ याला ‘एन्व्हलप एन्क्रिप्शन’ म्हणतात. मोठी किल्ली खास बनावटीच्या उपकरणात असते आणि ती तेथून सहसा बाहेरच येत नाही. छोट्या किल्ल्या उघडून घेण्यासाठी तिच्याकडे पाठवाव्या लागतात. मोठी किल्ली बदलायची झाली तर फायलींना हात लावण्याचे कारण नाही. नव्या पेट्यांच्या किल्ल्या नव्या किल्लीने बंद होतात. जुन्या पेट्यांसाठी जुनी किल्ली केवळ उघडण्यापुरती शिल्लक ठेवतात. ॲमेझॉनच्या सेवेत हे काम सांगितल्यास वर्षातून एकदा आपोआप होते. २०२४ पासून ग्राहकाला ९० ते २,५६० दिवसांपर्यंतचा अवधी निवडण्याची मुभा आहे.

येथपर्यंत सारे ठीक आहे; गैरसमज याच्या पुढे सुरू होतो. ‘आमच्या किल्ल्या दरवर्षी बदलतात’ असे एखादी संस्था सांगते तेव्हा ऐकणाऱ्याला वाटते की, जुनी माहितीही नव्या किल्लीखाली आली. प्रत्यक्षात तसे घडत नाही. कपाटाची किल्ली बदलली म्हणून पेट्यांची कुलपे बदलत नाहीत. एखादी छोटी किल्ली कोणी आधीच चोरली असेल तर मोठी किल्ली बदलून तिचे काहीच बिघडत नाही. किल्ली फुटल्याचा संशय असेल तेव्हा त्या पेटीतील माहिती बाहेर काढून नव्या किल्लीने पुन्हा बंद करणे भाग असते, आणि तेही पुढच्या चोरीपुरते उपयोगी. जी प्रत चोराने नेली ती नेलीच. नियमित पालट हा जेवणाआधी हात धुण्यासारखा आहे; किल्ली फुटल्यावरचा पालट हा आजारावरचा उपचार आहे. एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही.

बदलण्यातला धोका

आता दुसरी बाजू. किल्ली हरविलेले लोखंडी कपाट लोहार बोलावून फोडता येते. एईएसने बंद केलेली माहिती किल्ली नष्ट झाल्यावर कोणालाही, अगदी क्लाउड कंपनीलाही, उघडता येत नाही. किल्ली नष्ट करणे म्हणजे माहिती नष्ट करणे होय. माहिती कायमची पुसायची असेल तेव्हा हाच गुण कामास येतो. अनवधानाने घडले तर तो सर्वनाश ठरतो. बहुधा चूक होते ती अशी : नवी किल्ली लागली, आठवडाभर सर्व सुरळीत चालले, म्हणून जुनी काढून टाकली, पुढे सहा महिन्यांनी जुनी राखीव प्रत उघडण्याची वेळ आली तेव्हा ती त्या जुन्या किल्लीने बंद असल्याचे लक्षात आले. म्हणूनच ॲमेझॉनच्या सेवेत किल्ली पुसण्याचा हुकूम दिला तरी ती लगेच पुसली जात नाही. कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ३० दिवसांची मुदत मध्ये ठेवलेली असते. जाणकार त्याहीपुढे जातात. ते जुनी किल्ली आधी फक्त निलंबित करतात, कोणाचे काम अडते का ते पाहतात, राखीव प्रतींची खात्री करून घेतात, आणि मगच तिला मूठमाती देतात.

हे काम किती सावधपणे करता येते, याचा उत्तम दाखला इंटरनेटच्या नामव्यवस्थेने घालून दिला आहे. संकेतस्थळांच्या नावांची ग्वाही देणारी जी सर्वोच्च किल्ली आहे, ती २०१० मध्ये प्रथम वापरात आली. ती बदलण्यासाठी ऑक्टोबर २०१६ मध्ये नवी किल्ली घडविण्यात आली. जुलै २०१७ मध्ये ती जाहीर झाली, पण वापरात आली नाही. जगभरच्या यंत्रांनी तिची ओळख करून घ्यावी म्हणून ती नुसती शेजारी ठेवली. ११ ऑक्टोबर २०१७ ही पालटाची तारीख ठरली होती. परंतु अनेक ठिकाणच्या यंत्रांना नव्या किल्लीची ओळख पटलेली नाही असे आकडेवारीवरून दिसताच ‘आयकॅन’ या नियामक संस्थेने बेत पुढे ढकलला. वर्षभर तपास, पत्रव्यवहार आणि पूर्वतयारी झाली. ११ ऑक्टोबर २०१८ रोजी किल्ली बदलली आणि अडचण आली ती अगदी थोड्यांना. जुनी किल्ली रद्द झाली ती त्याहीनंतर, जानेवारी २०१९ मध्ये.

मायक्रोसॉफ्टची स्थगिती आणि आयकॅनची स्थगिती यांतील अंतर येथे स्पष्ट होते. दोघांनीही धोका ओळखून काम थांबविले. एकाने कारण शोधले, नवी तारीख दिली आणि ती पाळली. दुसऱ्याने तारीखच दिली नाही. स्थगिती देण्यात पाप नाही. तारखेवाचून स्थगिती देण्यात मात्र आहे. सुरक्षित पालटाचा क्रमही याच उदाहरणात सापडतो. नवी किल्ली आधी सर्वांच्या ओळखीची करावी, काही काळ दोन्ही चालू द्याव्यात, नवे काम नवीवर न्यावे, जुनीवर कोणी अवलंबून नाही याची खातरजमा करावी, आणि सर्वांत शेवटी जुनी मोडीत काढावी.

यादीतून निसटलेल्या चार

परंतु क्रम पाळूनही एक गोष्ट राहते. जी किल्ली आहे हेच ठाऊक नाही, ती बदलणार कशी? ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ऑक्टा’ या ओळखपडताळणी करणाऱ्या कंपनीत चोरी झाली. तिची ग्राहक असलेल्या ‘क्लाउडफ्लेअर’ कंपनीच्या काही गुप्त खुणाही त्या चोरीत बाहेर पडल्या. क्लाउडफ्लेअरने त्या बदलण्याचे काम हाती घेतले. हजारोंमधून चार राहून गेल्या. त्या वापरात नाहीत, अशी समजूत झाली होती. नोव्हेंबरच्या मध्यावर चोर नेमके त्या चारांच्या आधारे कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांपर्यंत पोचले. २३ नोव्हेंबरला हा प्रकार उघडकीस आला. ग्राहकांच्या माहितीला झळ पोचली नाही, असे कंपनीने स्वतःच्या निवेदनात सांगितले. पण त्यानंतर तिला ५,००० हून अधिक गुप्त खुणा बदलाव्या लागल्या. ‘वापरात नसलेली किल्ली’ ही नेहमी धोक्याची असते, कारण तिच्यावर कोणाची नजर नसते.

त्याच वर्षीच्या जानेवारीत ‘सर्कल-सीआय’ या अमेरिकी कंपनीने आपल्या सर्व ग्राहकांना आपापल्या साऱ्या गुप्त खुणा ताबडतोब बदलण्यास सांगितले. तिच्या एका कर्मचाऱ्याच्या संगणकात शिरलेल्या चोराने माहिती तर नेलीच, शिवाय चालू यंत्राच्या स्मृतीतून एन्क्रिप्शनच्या किल्ल्याही काढून घेतल्या होत्या. असा निरोप आला की ज्यांच्याकडे यादी तयार आहे आणि ज्यांना पालटाची सवय आहे, त्यांचे काम लवकर उरकते. ज्यांनी कित्येक वर्षांत एकही किल्ली बदललेली नाही, त्यांना मात्र आधी शोधाशोध करावी लागते. आगीची कवायत आग लागलेली नसताना करतात, तिचे कारण हेच. नियमित किल्लीपालटाचा सर्वांत मोठा लाभ कदाचित किल्ली नवी होण्यात नसून, संकटाच्या रात्री ती बदलता येईल असा हात तयार होण्यात आहे.

विचारावयाचे प्रश्न

भारतात २०२३ साली डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा संमत झाला. माहिती सांभाळण्याची रास्त दक्षता न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे, आणि २०२५ च्या नियमांत दक्षतेच्या उपायांमध्ये एन्क्रिप्शनचा नावाने उल्लेख आहे. हे स्वागतार्ह आहे. परंतु नियमात शब्द आला म्हणजे व्यवहारात शिस्त आली, असा अनुभव नाही. विद्यार्थ्याची गुणपत्रिका, रुग्णाचा तपासणी अहवाल, शिक्षकाच्या वेतनाचा आणि भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब हे सारे आता कोणत्या ना कोणत्या संगणकीय साठ्यात आहे. ती माहिती ज्याची, त्याला किल्ली पाहताही येत नाही. पत्ता बदलता येतो, दूरध्वनी क्रमांक बदलता येतो. जन्मतारीख, आजार आणि बोटांचे ठसे बदलता येत नाहीत. एकदा बाहेर पडलेली अशी माहिती जन्मभर बाहेर राहते.

म्हणून माहिती बाळगणाऱ्या प्रत्येक संस्थेला, मग ती बँक असो, विद्यापीठ असो वा सरकारी खाते असो, काही साधे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. आपल्याकडे किल्ल्या किती, त्यांची यादी आहे काय, आणि प्रत्येक किल्लीला नावानिशी जबाबदार माणूस कोण? ठरल्या मुदतीत त्या आपोआप बदलतात, की कोणाच्या आठवणीवर सारे अवलंबून आहे? मुदत उलटली तर घंटा कोठे वाजते? जी माणसे माहिती वापरतात त्यांच्याच हाती किल्ली पुसण्याचाही अधिकार आहे काय? जुन्या राखीव प्रती जुन्या किल्लीने उघडून पाहण्याची चाचणी शेवटची केव्हा झाली? आणि उद्या किल्ली फुटली तर साऱ्या किल्ल्या बदलण्यास किती तास लागतील? यांपैकी एकाही प्रश्नाला गणित लागत नाही. हिशेबनीस आणि मुख्याध्यापकही ते विचारू शकतात. उत्तर देताना जी संस्था केवळ कुलपाच्या भक्कमपणाचे गुणगान करील, तिच्याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

कोणत्याही जुन्या कचेरीत बदली झालेला लिपिक पदभार सोडताना कपाटांच्या किल्ल्या यादीप्रमाणे मोजून देतो आणि घेणारा त्या मोजून सही करतो. या रिवाजाची थट्टा पुष्कळ होते. परंतु कोणती किल्ली कोठली, ती कोणाकडे आहे आणि केव्हापासून आहे, हे त्या एका कागदावरून कळते. अद्ययावत यंत्रे, अभेद्य गणित आणि अमाप पैसा हाताशी असताना २०१६ ची एक किल्ली २०२३ मध्ये जिवंत राहिली, कारण असा कागद पाहून ‘हिची मुदत संपली’ असे म्हणणारा कोणी तेथे नव्हता.